सदोष इम्प्लांटचे दावे: मावशींचं ऑपरेशन आणि तुमची वकिली

लातूरच्या एका तरुण वकिलाने विचारलं आहे. त्यांच्या मावशींचा खुब्याचा सांधा काही वर्षांपूर्वी बदलला होता. तो आता सैल झाला आहे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ऑपरेशन आहे. डॉक्टर तोंडी म्हणाले, "इम्प्लांटच खराब निघालं," पण लेखी द्यायला तयार नाहीत. त्यांचे दोन प्रश्न आहेत: यात दावा होतो का? आणि असेच दावे लढवणारा वकील म्हणून आपल्याकडे करिअर करता येतं का?

करिअरचं पुढे सांगते. आधी ऑपरेशनचं बोलू, कारण ते झालं की तुमच्या दाव्यातला सगळ्यात मोठा पुरावा तासाभरात नाहीसा होऊ शकतो. तो पुरावा म्हणजे मावशींच्या शरीरातून निघणारा तो सांधा. काढलेलं इम्प्लांट ट्रेमध्ये पडतं, आणि कोणी काही सांगितलेलं नसेल तर जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे निळ्या वर्गात जातं. २०१६ च्या नियमांत काचसामानाबरोबर 'शरीरातील धातूचे इम्प्लांट' असा स्पष्ट उल्लेखच आहे. दुसरी शक्यता अशी की नव्या सांध्याचा सेट घेऊन आलेला कंपनीचा माणूस थिएटरमध्येच असतो. जुना सांधा त्याच्याच कंपनीचा असेल, तर "तपासणीला पाठवतो" म्हणून तो घेऊन जातो. नंतर 'दोष आढळला नाही' असा एका पानाचा अहवाल येतो आणि तो खोडायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

म्हणून ऑपरेशनच्या किमान आठवडाभर आधी मावशींच्या सहीने रुग्णालयाला आणि सर्जनना पत्र द्या. वकिलाची नोटीस देऊ नका, साधं विनंतीपत्र द्या. नोटीस पाहिली की रुग्णालयाचा कायदा विभाग जागा होतो आणि सर्जन गप्प होतात. पत्रात एवढंच लिहा: काढलेले सगळे भाग जपून ठेवावेत, कंपनीच्या प्रतिनिधीकडे देऊ नयेत, थिएटरमध्येच त्यांचे फोटो काढावेत, सांध्यातलं पाणी कल्चरला (जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) आणि भोवतालची ऊती बायॉप्सीला पाठवावी. पोच घ्या. कल्चर फार महत्त्वाचं आहे. सांधा सैल झाला म्हटलं की पहिला संशय जंतुसंसर्गावर जातो, आणि कंपनीच्या लेखी कैफियतीत (तक्रारीला दिलेल्या उत्तरात) पहिला मुद्दा तोच असतो. कल्चर न करता ऑपरेशन उरकलं, तर तो मुद्दा शेवटपर्यंत तुमच्या मानेवर बसतो.

भाग ताब्यात घेताना एक छोटी यादी करा: किती भाग, प्रत्येकावर कोरलेला क्रमांक काय, धुतले का, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) केले का, कोणी दिले, कोणी घेतले, तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. प्रत्येक भाग वेगळ्या डबीत ठेवा. धातूवर धातू घासला तर नवे ओरखडे पडतात आणि कोणते ओरखडे शरीरातले, कोणते प्रवासातले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. घरी आणल्यावर नातेवाइकांना दाखवायला डबी उघडायची नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण सगळे उघडतात.

सांधा धातूवर धातू घासणाऱ्या जातीचा असेल, तर ऑपरेशनच्या आधीच रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासून घ्या. सांधा काढल्यावर हे प्रमाण हळूहळू उतरतं आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो. यासाठी ट्रेस एलिमेंटची खास ट्यूब लागते. गल्लीतल्या कलेक्शन सेंटरला हे माहीत असेलच असं नाही, विचारून जा. सांध्यात प्लॅस्टिक किंवा सिरॅमिक असेल तर बहुधा या तपासणीची गरज नसते. सर्जनना विचारा.

आता सांधा कोणत्या जातीचा हे कसं कळणार? स्टिकरवरून. इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यात सोलून चिकटवायची स्टिकर असतात. वाटी, बॉल, मांडीच्या हाडात बसवायचा दांडा, स्क्रू, प्रत्येकाचं वेगळं. त्यावर कंपनीचं नाव, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक (एकाच वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक), आयातदार आणि मुदत असते. ही स्टिकर ऑपरेशनच्या नोंदीवर लावायची असतात, पण ती कुठेही सापडतात. साताऱ्याकडच्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरचं प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा रुग्णालयाने 'जुने केसपेपर नष्ट केले' असं लिहून दिलं होतं. डिस्चार्ज कार्डवर फक्त 'खुब्याचा सांधा बदलला' एवढंच. त्यांच्या पत्नीने बाजाराच्या पिशवीतून सगळे कागद आणले होते: एक्स-रे, औषधांच्या पावत्या, रेशनकार्डाची झेरॉक्ससुद्धा. मी एकेक कागद उलटून बघत होते. औषध दुकानाच्या इम्प्लांटच्या बिलाची मागची बाजू खडबडीत लागली. तिथे तीन स्टिकर एकावर एक चिकटवलेली होती. वरचं उन्हाने पिवळं पडलेलं, खालची दोन कोरी करकरीत. त्या बाईंना ती काय आहेत हे माहीत नव्हतं, पण बिलाला चिकटलेलं आहे म्हणजे टाकायचं नाही, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या लॉट क्रमांकामुळेच आयातदाराला "हा सांधा आमचा नाही" असं म्हणता आलं नाही.

केसपेपर मागायला उशीर करू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे डॉक्टरांनी भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. मावशींच्या पहिल्या ऑपरेशनला तीन वर्षं होऊन गेली असली तरी अर्ज करा. पुष्कळ रुग्णालयं त्याहून जास्त काळ नोंदी ठेवतात. आणि नसल्या तर 'नाहीत' हे उत्तर लेखी हवं.

एवढं हातात असेल तर मग विचार करायचा की दावा आहे का. इथे नव्या वकिलाने स्वतःला आवर घालायला शिकलं पाहिजे. इम्प्लांट निकामी झालं म्हणजे ते सदोष होतं, असं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त लोक तुटलेल्या प्लेटचे असतात. मांडीचं हाड मोडलं, प्लेट टाकली, काही महिन्यांनी प्लेट तुटली, आता कंपनीकडून भरपाई हवी. पण प्लेट हे हाड जुळेपर्यंतचा आधार आहे. हाड जुळलंच नाही, तर प्रत्येक पावलाचा भार तिच्यावर येत राहतो आणि तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तशी ती तुटते. असा तुकडा धातुतज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तुटलेल्या पृष्ठभागावर एकामागे एक सरकत गेलेल्या बारीक रेषा दिसतात. त्या रेषा सांगतात की भेग हळूहळू वाढत गेली, म्हणजे थकव्याने तुटली. पण भेग जिथून सुरू झाली तिथे धातूत पोकळी किंवा परका कण सापडला, किंवा धातूचं मिश्रण कंपनीने सांगितलेल्या प्रमाणाबाहेर निघालं, तर गोष्ट वेगळी. पहिल्या प्रकारात पक्षकाराला समोर बसवून समजावून सांगायचं आणि परत पाठवायचं. तो नाराज होतो. तरीही पाठवायचं. तुटपुंज्या आशेवर चार-पाच वर्षं तारखा करायला लावणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

याच्या उलट, इम्प्लांट तुटलेलं नाही, एक्स-रेत व्यवस्थित दिसतं आहे, आणि तरी ते रचनेतच सदोष आहे, असंही असतं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा सांधा त्याचं सर्वात मोठं उदाहरण. या क्षेत्रात यायचं असेल तर तो इतिहास तोंडपाठ हवा. वाटी आणि बॉल दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमचे. वाटी नेहमीपेक्षा उथळ, त्यामुळे ती जरा तिरकी बसली तरी बॉल कडेवर घासायचा. धातूचे सूक्ष्म कण भोवतालच्या ऊतींत आणि रक्तात उतरायचे, स्नायू सडायचे, गाठी व्हायच्या. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातल्या आकड्यांवरून हा सांधा इतरांपेक्षा लवकर निकामी होतो हे दिसू लागलं आणि डिसेंबर २००९ मध्ये तो तिथल्या बाजारातून काढला गेला. ब्रिटनच्या नोंदवहीत पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा ऑपरेशन करावं लागल्याचं दिसलं, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोवर जगात सुमारे ९३ हजार लोकांच्या शरीरात तो बसला होता.

भारतात अंदाजे ४,७०० ऑपरेशनं झाली. आयात परवाना रद्द झाला २०१२ मध्ये आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची सूचना निघाली ती २०१३ अखेरीस. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी मुंबईत पोलिसांपर्यंत धाव घेतली होती, हे आपल्या राज्याच्या बाजूने नोंदवायला हवं. केंद्राने २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांची समिती नेमली. तिच्या अहवालातली मला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. कंपनीच्या मदत-क्रमांकावर जेमतेम हजारभर लोकांची नोंद झालेली. उरलेले कुठे आहेत, कुणाचा खुबा दुखतो आहे, कुणाच्या रक्तात कोबाल्ट चढतं आहे, कुणालाच ठाऊक नाही. देशात नोंदवही नव्हती, आणि स्टिकर कुठल्या तरी बिलाच्या मागे. समितीने प्रत्येकाला किमान २० लाख रुपये सुचवले. मग डॉ. आर. के. आर्य यांच्या समितीने अपंगत्व आणि धोका यांवर आधारित सूत्र बसवलं आणि रक्कम ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत ठरली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये तिने तिथे, आपले हक्क राखून, पुन्हा ऑपरेशन झालेल्या ६७ पडताळलेल्या रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी दाखवली.

हीच कंपनी, हाच सांधा, आणि अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड. हा फरक कुठून आला ते नीट समजून घ्या, कारण तुमचा करिअरचा प्रश्न इथेच सुटतो.

अमेरिकेत हजारो दावे एका संघीय न्यायाधीशापुढे एकत्र आणले जातात. एएसआरचे ओहायोत आणले होते. कंपनीची आतली कागदपत्रं, ईमेल, चाचण्यांचे अहवाल एकदाच मागवले जातात आणि सगळ्यांना वापरता येतात. काही नमुन्याचे खटले ज्यूरीपुढे चालतात आणि त्या निकालांवरून तडजोडीचा भाव ठरतो. वकील फी घेत नाही, मिळालेल्या रकमेतला हिस्सा घेतो, साधारण एक तृतीयांश. म्हणून तो तज्ज्ञांवर स्वतःचे लाखो डॉलर खर्च करू शकतो. तिथेही सगळं सोपं नाही. डाल्कन शील्ड या गर्भनिरोधकाने हजारो बायकांना इजा झाल्यावर १९७६ मध्ये उपकरणांचा कायदा आला. पण २००८ मध्ये मेडट्रॉनिकच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सर्वात कडक पूर्वपरवानगी घेतलेल्या उपकरणावर राज्यांच्या कायद्याखाली सहसा दावा चालणार नाही. एएसआर हलक्या मार्गाने, 'आधीच्या उपकरणासारखंच आहे' या आधारावर बाजारात आला होता, म्हणून ते दावे उभे राहू शकले.

आपल्याकडे यातलं जवळपास काहीच नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घेता येत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. तज्ज्ञाचा खर्च पक्षकाराच्या खिशातून. त्यामुळे फक्त याच दाव्यांवर ऑफिस चालवणारा वकील मला महाराष्ट्रात माहीत नाही, आणि तुम्हीही ती अपेक्षा ठेवून येऊ नका. पण कामाचा एक मोठा भाग म्हणून हे क्षेत्र उभं राहतं आहे, आणि मोडलेल्या माणसाच्या बाजूने उभं राहणारे वकील यात फारच थोडे आहेत.

पोटापाण्यासाठी माझा सल्ला: मोटार अपघात न्यायाधिकरणाचं काम घ्या. काही सिनिअर त्याला कमी लेखतात, ते चुकतं. अपंगत्वाचा दाखला कसा वाचायचा, ४० टक्के अपंगत्व म्हणजे कमाईत ४० टक्के तोटा असं का नसतं, गुणक (वयाप्रमाणे ठरणारा आकडा) कसा लावायचा, पुढच्या उपचारांचा खर्च कसा सिद्ध करायचा, सर्जनची सरतपासणी (आपल्या साक्षीदाराला आपणच विचारायचे प्रश्न) कशी घ्यायची, हे सगळं तिथे रोज शिकायला मिळतं. गवंड्याचा पाय दोन सेंटिमीटर आखूड झाला तर त्याचा धंदाच जातो, हिशेबनीसाचा जात नाही. इम्प्लांटचे दावे चालतात त्या ग्राहक आयोगात भरपाईची रक्कम 'पन्नास लाख' अशी गोल मागणारे अर्ज पाहिले की वाईट वाटतं. आयोगाला आकडा कसा आला ते दाखवलं नाही, तर तो लाख-दोन लाखांवर बोळवण करतो.

कायद्याचं आता पटकन सांगते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं सहावं प्रकरण, कलम ८२ ते ८७, म्हणजे उत्पादन दायित्व. ते पाठ करा. उत्पादनातला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या मापांपासून फारकत, दिलेली हमी न पाळणं, पुरेशा सूचना वा इशारा न देणं, यांतलं एकही सिद्ध झालं तर निर्माता जबाबदार. विक्रेता आणि सेवा देणारा यांच्यासाठी वेगळी कलमं आहेत. त्याआधीच्या घटनांसाठी १९८६ च्या कायद्यावर आणि 'दोषयुक्त वस्तू'च्या व्याख्येवर चालावं लागतं. मावशींचं ऑपरेशन आधीचं, इजा आता उघड होते आहे. नवा कायदा लागू होतो यावर युक्तिवाद करा, पण अर्ज दोन्ही पायांवर उभा ठेवा.

मुदत दोन वर्षांची, दाव्याचं कारण घडल्यापासून. ऑपरेशनच्या तारखेपासून की दोष कळल्यापासून? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर नऊ वर्षांनी पोटात कापडाचा तुकडा सापडलेल्या एका परिचारिकेच्या प्रकरणात, इजा दडलेली असेल तर ती कळल्यापासून मुदत मोजता येते हे मान्य केलं. आणि तरीही तिची तक्रार फेटाळली, कारण तिला सतत दुखत होतं, ती स्वतः परिचारिका होती आणि तिने वेळीच विचारणा केली नाही. म्हणून 'मावशींना दोष कधी कळला' ही तारीख कागदावर पक्की करा. पहिल्यांदा दुखल्याचा केसपेपर, सांधा सैल असल्याचा पहिला एक्स-रे, डॉक्टरांचं बोलणं, सगळं तारीखवार. विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, लागेल न लागेल.

कुठे दाखल करायची? तक्रारदार राहतो तिथेच करता येते, म्हणून लातूरच्या जिल्हा आयोगातच. २०२१ च्या नियमांनी अधिकारक्षेत्र ठरतं ते प्रत्यक्ष मोजलेल्या, म्हणजे दिलेल्या, किमतीवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये ही पद्धत वैध ठरवली. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. रक्कम विमा कंपनीने भरली असली तरी रुग्ण ग्राहकच राहतो, हे १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या निकालापासून चालत आलं आहे. ज्या सरकारी रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथे मात्र ती वाट बंद होते.

तपासणीसाठी कलम ३८ चा अर्ज पहिल्याच तारखांना द्या. आयोगाने नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी तरतूद आहे. त्याच लॉटचा न वापरलेला नग बाजारात मिळत असेल तर तोही मिळवा. तुलना करता आली की अहवालाला वजन येतं. आयात परवाना, परत बोलावण्याच्या सूचना, तक्रारींच्या नोंदी यांसाठी माहिती अधिकारात अर्ज करा. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार येईल, अपील करा. अमेरिकन एफडीएचा उपकरणांच्या तक्रारींचा साठा आणि ऑस्ट्रेलियाचा साठा दोन्ही कुणालाही पाहता येतात. त्यात मॉडेलचं नाव टाकून संध्याकाळ घालवा. मात्र तिथली नोंद म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. ती तुम्हाला कुठे खणायचं ते सांगते.

आता सर्वात नाजूक गोष्ट, सर्जन. आपल्याकडे डोळे झाकून रुग्णालय, डॉक्टर, विक्रेता, आयातदार, निर्माता सगळ्यांना सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. सांध्याच्या दाव्यात 'मी काढला तेव्हा आत काळपट द्रव होता, ऊती मेलेल्या होत्या, वाटी योग्य कोनात बसलेली होती' हे सांगू शकणारा एकच माणूस असतो. त्याला सामनेवाला केलात की त्याचा विमा वकील त्याला तोंड बंद ठेवायला सांगणार. कंपनी म्हणणार, वाटी तिरकी बसवली. डॉक्टर म्हणणार, सांधा खराब. या भांडणात पाच वर्षं जातील आणि मावशी मध्येच बसतील. पहिला सांधा बसवणारे सर्जन आणि आता काढणारे सर्जन वेगळे असतील तर काम सोपं होतं. दुसऱ्यांना भेटा, त्यांच्या वेळेत, बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर. कंपनीविरुद्ध मत मागू नका. त्यांनी ऑपरेशनच्या नोंदीत जे पाहिलं ते सविस्तर लिहावं, एवढंच मागा. बहुतेक प्रामाणिक सर्जन तेवढं करतात, त्यांनाही खराब माल पुढच्या रुग्णाला बसवायचा नसतो.

डॉक्टरला वगळण्यातही धोका आहे. कलम ८७ प्रमाणे, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायच्या वस्तूबाबत कंपनीने तज्ज्ञाला पुरेसा इशारा दिला असेल, तर 'इशारा दिला नाही' या मुद्द्यावर ती सुटते. कंपनी दाखवेल की आम्ही डॉक्टरांना पत्र पाठवलं होतं. मग ते पत्र मिळालं का, केव्हा, आणि मिळालं असेल तर रुग्णाला का कळवलं नाही, हे प्रश्न उभे राहतात. म्हणून दाखल करण्याआधी पहिल्या सर्जनना आणि रुग्णालयाला एक साधं पत्र पाठवून विचारा की कंपनीकडून या मॉडेलबद्दल काही सूचना आली होती का. उत्तरावरून ठरवा. उत्तर आलंच नाही, तर त्यांना जोडण्याचं कारण तुमच्या हातात येतं.

शिकण्याबद्दल. सहा महिने एखाद्या ऑर्थोपेडिक सर्जनच्या ओळखीने एक्स-रे वाचायला शिका: वाटीचा कोन, दांड्याभोवतीची काळी रेघ, जुन्या आणि नव्या चित्रातला फरक. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ वाचा. धोक्यानुसार केलेले अ, ब, क, ड वर्ग, परवान्याच्या अटी, माल परत बोलावण्याची कर्तव्यं. २००५ मध्ये ऑर्थोपेडिक इम्प्लांटसह मोजकी उपकरणं औषधाच्या व्याख्येत आली, एप्रिल २०२० पासून जवळपास सगळीच आली. कोणतं उपकरण केव्हा नियमांखाली आलं, यावर परवाना लागत होता की नाही ते ठरतं, आणि उलटतपासणीत तेवढा एक प्रश्न आयातदाराला घाम फोडू शकतो.

पक्षकारांबद्दल एक सांगते. ही माणसं तुमच्याकडे येतात तेव्हा दुसरं ऑपरेशन झालेलं असतं, बचत संपलेली असते, मुलाने नोकरीतून सुट्ट्या काढलेल्या असतात. प्रत्येक तारखेला काठी टेकत लातूरच्या आयोगाचे जिने चढायला लावू नका. कायद्यात दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची सोय आहे, अर्ज करा. शपथपत्र लवकर करून घ्या. वय झालेला तक्रारदार प्रकरण चालू असतानाच गेला, तर वारसांना पुढे चालवता येतं, पण त्याचं स्वतःचं म्हणणं नोंदलेलं नसेल तर वेदनेचा पुरावा त्याच्याबरोबर जातो.

आणि तडजोड. प्रकरण पक्कं झालं, स्टिकर जुळलं, प्रयोगशाळेचा अहवाल आला की कंपनीकडून निरोप येतो. रक्कम बरी असते आणि अट एकच: याबद्दल कुठेही बोलायचं नाही. पक्षकाराला पैसे हवे असतील तर घ्यायला सांगा. त्याच्या दुखण्यावर आपण लोकहिताची लढाई चालवायची नसते. पण त्या अटीवर सही होण्याच्या कितीतरी आधी, खरं तर पहिल्याच आठवड्यात, घटनेची नोंद मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमात करा. २०१५ पासून चालू असलेला हा केंद्राचा कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे, आणि रुग्ण किंवा नातेवाईकसुद्धा फॉर्म भरू शकतात. मॉडेल, लॉट, काय झालं, केव्हा झालं एवढं लिहायचं. एकदा ती नोंद झाली की पुढे कोणत्याही करारपत्रावर सही झाली तरी त्या लॉटचा क्रमांक सरकारदरबारी राहतो, आणि त्याच लॉटचा सांधा घेऊन फिरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या वकिलाला तो मागवता येतो.